उतरवून घेतलेली संकेतस्थळे

मराठीत ‘उतरवून घेणे’ या क्रियापदाचा जुना अर्थ पोथी समोर ठेवून तिची अक्षरन् अक्षर नक्कल करणे असा आहे, आणि गेल्या तीस वर्षांत त्याला जडलेला नवा अर्थ दूरच्या संगणकावरचा मजकूर आपल्या संगणकावर आणणे असा आहे. एखादे संकेतस्थळ त्याच्या सगळ्या पानांसह, चित्रांसह आणि पानापानांना जोडणाऱ्या दुव्यांसह उतरवून घ्यायचे, मग इंटरनेटची जोडणी तोडायची आणि ते निवांत वाचायचे, या प्रथेत हे दोन्ही अर्थ एकत्र आले. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘ऑफलाइन ब्राउझिंग’ म्हणत आणि अशा प्रतीला ‘मिरर’, म्हणजे आरसा. इंटरनेट महाग आणि संथ होते त्या काळातली ही काटकसर होती आणि ते स्वस्त व वेगवान होताच ती मागे पडली, एवढेच तिच्याविषयी सामान्यतः सांगितले जाते. नवी मुंबईच्या संदर्भात पाहिले तर हे सांगणे अपुरे ठरते. कारण नकलेची गरज निर्माण करणारी टंचाई या शहराने अनुभवली, ती टंचाई संपवणाऱ्या कंपन्यांची मुख्य ठाणी याच शहरात उभी राहिली, आणि आज देशोदेशींच्या संकेतस्थळांच्या नकला ज्या इमारतींत ठेवल्या जातात त्यांचीही येथे दाटी झाली आहे. नक्कल करणे थांबले नाही; नकलेचा मालक बदलला.

नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर. शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, मार्च १९७० मध्ये स्थापन झाले आणि ठाणे खाडीवरचा रस्त्याचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. पण मानखुर्दहून वाशीला लोकल यायला १९९२ साल उजाडले, आणि त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. म्हणजे शहर खऱ्या अर्थाने भरू लागले ते इंटरनेटच्या तोंडावर. नोकरी खाडीपलीकडे आणि घर सिडकोच्या वसाहतीत असा मध्यमवर्ग, नेरूळ, वाशी, बेलापूर, ऐरोली येथील अभियांत्रिकी महाविद्यालये (नेरूळची रामराव आदिक तंत्रज्ञान संस्था त्यांतली जुनी, १९८३ सालची), आणि सिडकोने वाशी रेल्वे स्थानकाच्या माथ्यावरच उभारलेले इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क, अशी संगणकाला अनुकूल जमीन येथे आधीच नांगरून ठेवलेली होती. दूरध्वनीसाठी हे शहर मुंबई व ठाण्याबरोबर महानगर टेलिफोन निगमाच्या हद्दीत येई आणि त्याचा क्रमांकही मुंबईचाच, ०२२. ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु त्या काळी इंटरनेटवर जाणे म्हणजे मोडेम नावाच्या यंत्राकरवी सेवा पुरवणाऱ्याच्या संगणकाला फोन लावणे असे, आणि ज्या गावांतून त्यासाठी एसटीडी करावा लागे तेथे हा छंद कैक पटींनी महाग पडे.

तसा तो स्थानिक कॉलवरही स्वस्त नव्हता. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा २५० तासांचे खाते विकले जाई. विद्यार्थ्यांना ते ५०० रुपयांत मिळे. पण ते ‘शेल’ खाते असे, म्हणजे त्यात पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. चित्रांसह पान दाखवणारे खाते पाच आकडी रकमेत जाई. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर सेकंदाला १.२ किलोबाइट पदरात पडत. म्हणजे एक मेगाबाइट उतरायला सुमारे १४ मिनिटे आणि १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी भरायला २० मिनिटे, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. विकत घेतलेले २५० तास एक क्षणही वाया न घालवता वापरले, तरी हाती येणारा मजकूर जेमतेम एक गिगाबाइट होता.

या हिशेबात एक गोम होती, आणि ऑफलाइन वाचनाचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. पान येण्यास लागणारा वेळ आणि पान वाचण्यास लागणारा वेळ हे दोन्ही एकाच मीटरवर मोजले जात. खरे तर मीटरही दोन होते, एक खात्यातल्या तासांचा आणि दुसरा टेलिफोनच्या पल्सचा, आणि वाचक परिच्छेदावर विचार करत थांबला तरी दोन्ही पळत राहत. वाचताना थांबणे हा पैशांचा अपव्यय ठरावा, अशी वाचनाच्या इतिहासातली ही विरळा अवस्था होती. त्यावर उपाय उघड होता : जोडणी चालू असताना फक्त आणायचे आणि ती तोडल्यावर वाचायचे. ईमेल अशी वाचली जातच होती. किंबहुना १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या काळापासून ज्यांच्याकडे ईमेलखेरीज काही नव्हते, अशा जगभरच्या लोकांसाठी पाने टपालाने मागवण्याचीही सोय निघाली. ‘अगोरा’ नावाच्या सर्व्हरला हव्या त्या पानाचा पत्ता ईमेलने कळवला की पानातला मजकूर उत्तरात येई, आणि पुढे इटलीतील त्रिएस्ते येथील सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राने गरीब देशांतील संशोधकांना नजरेसमोर ठेवून याच धर्तीची सेवा चालवली. पण ही एकेका पानाची मागणी झाली. अख्खे संकेतस्थळ मागवायचे तर माणसाऐवजी यंत्राला पाने उलटायला लावावी लागत.

ते काम करणारी सॉफ्टवेअर १९९५ नंतरच्या काही वर्षांत एकामागोमाग एक आली. ‘वेबव्हॅकर’, ‘टेलिपोर्ट प्रो’, ऑस्ट्रेलियातले ‘वेबझिप’, ‘ब्लॅकविडो’, ‘ऑफलाइन एक्सप्लोरर’ ही त्यांतली विकाऊ किंवा काही दिवस वापरून पाहण्याजोगी. तर क्रोएशियाच्या ह्र्वोये निकशिच यांनी १९९६ मध्ये लिहिलेले ‘डब्ल्यूगेट’ आणि फ्रान्सच्या झाविए रोश यांनी १९९८ मध्ये आणलेले ‘एचटीट्रॅक’ ही मुक्त परवान्याची, म्हणजे कोणीही फुकट वापरावीत, वाटावीत आणि दुरुस्त करावीत अशी. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी महानगर टेलिफोन निगमही या धंद्यात उतरला, तासाचे दर कोसळले आणि संगणकविषयक मासिकांसोबत सीडी येऊ लागल्या. ‘चिप’ आणि पुढे ‘डिजिट’ यांच्या सीडींवर असली उपयुक्त सॉफ्टवेअर भरलेली असत, त्यामुळे ती उतरवून घेण्याचा खर्च वाचे. घरी जोडणी नसलेला विद्यार्थी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून पाने साठवी आणि फ्लॉपी खिशात घालून घरी जाई. घरी जोडणी असलेला रात्री संगणक कामाला लावून झोपे.

यंत्र पाने कशी उलटते हे जवळून पाहण्यासारखे आहे. त्याला पहिल्या पानाचा पत्ता द्यायचा आणि किती ‘खोली’पर्यंत जायचे ते सांगायचे (खोली येथे खोलपणा या अर्थी; दालनाशी तिचा संबंध नाही). यंत्र पहिले पान आणते, त्यातले सगळे दुवे टिपून रांगेत लावते, मग ती पाने आणते, त्यांतले नवे दुवे पुन्हा रांगेत लावते आणि सांगितलेल्या पायरीला थांबते. प्रत्येक पानावर वीस नवे दुवे आहेत असे धरले तर दुसऱ्या पायरीला २०, तिसऱ्या पायरीला ४०० आणि चौथ्या पायरीला ८,००० पाने होतात. चित्रांसह एक पान ३० किलोबाइटचे आणि मोडेमचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ४ किलोबाइट असेल, तर तीन पायऱ्यांचे काम तासाभरात आटोपते, पण चौथ्या पायरीला त्यापुढे जवळजवळ सतरा तास लागतात. एक आकडा चुकीचा टाकल्याने टेलिफोनचे बिल कसे फुगे, ते या उदाहरणावरून दिसते. म्हणून जाणकार वापरकर्ता आधी दोनच पायऱ्या उतरवी, काय आले ते पाही, आणि मग नको असलेल्या शाखा कापून पुढे जाई.

याहून नाजूक काम दुव्यांचे. मूळ पानातला दुवा इंटरनेटवरच्या पत्त्याकडे बोट दाखवत असतो. तो तसाच ठेवला तर जोडणी तोडल्यावर तो कोठेच नेत नाही. त्यामुळे यंत्र पान साठवताना त्यातला प्रत्येक दुवा पुसून त्या जागी घरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइलचा सापेक्ष पत्ता लिहिते, म्हणजे ‘अमुक फोल्डरातून एक पायरी वर जा आणि तमुक फाइल उघड’ अशी खूण. विद्यार्थ्याला संकेतस्थळ ‘चालते आहे’ असे वाटे ते या पुनर्लेखनामुळे. साध्या लिहिलेल्या पानांवर हे उत्तम जमे. मात्र मेनू जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीत लिहिलेला असला की यंत्राला त्यातले दुवे दिसतच नसत आणि सकाळी उठून पाहावे तर दर्शनी पानामागे काही नसे. उलट बाजूचा घोटाळा दिनदर्शिकेचा. संकेतस्थळावर ‘पुढचा महिना’ असा दुवा असलेली दिनदर्शिका असली, की यंत्र इमानेइतबारे पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना असे करत रात्रभरात कित्येक दशकांची रिकामी पाने गोळा करून ठेवी. अशा जागांना ‘कोळ्याचा सापळा’ म्हणत, कारण पाने विणत जाणाऱ्या यंत्राला कोळी हेच नाव पडले होते.

एचटीट्रॅकची आणखी एक सवय आहे, आणि मराठी वाचकाला ती ओळखीची वाटावी. साठवलेल्या प्रत्येक पानात, पडद्यावर न दिसणाऱ्या टिपेच्या रूपात, ते एक ओळ लिहून ठेवते : हे पान अमुक पत्त्यावरून, अमुक आवृत्तीच्या एचटीट्रॅकने, अमुक वारी, अमुक तारखेला, अमुक वेळी उतरवले. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नक्कलकार लिहीत त्या पुष्पिकेत हेच असते : शक, तिथी, वार, गाव आणि लिहिणाऱ्याचे नाव. जसे दिसले तसे लिहिले, मुळात चूक असेल तर दोष माझ्यावर ठेवू नये, असे सांगणारा संस्कृत श्लोकही तेथे पुष्कळदा जोडलेला असतो. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातली बाडे असोत की पुण्याच्या भांडारकर संस्थेतली हस्तलिखिते, एखाद्या रचनेचा काळ ठरवताना संशोधक आधी पुष्पिका पाहतो. त्याच न्यायाने, एखादे संकेतस्थळ अमुक वर्षी कसे होते हे सांगायला यंत्राने लिहिलेली ती अदृश्य ओळ पुरावा ठरते. ती लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नसावा, हिशेब असावा; पण पोथ्यांच्या नक्कलकारांचेही तसेच होते.

नक्कल करण्याला शिष्टाचारही होता. यंत्र एकाच वेळी अनेक पाने मागू लागले की लहान सर्व्हर गुदमरतो, म्हणून १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवलेली ‘रोबॉट्स’ नावाची फाइल संकेतस्थळाच्या दारावर ठेवण्याची पद्धत पडली. कोणत्या यंत्राने कोणत्या दालनात शिरू नये ते तीत लिहिलेले असते. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. भारतात कायद्याची चौकट १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने आणली. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून माहिती उतरवून घेणे किंवा तिची नक्कल करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरवले असून, भरपाईची मूळ कमाल मर्यादा एक कोटी रुपये होती. शिवाय १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा इलेक्ट्रॉनिक साठवणीलाही लागू होतोच. कागदावर पाहिले तर रात्री संगणक चालू ठेवून झोपणारे कितीतरी विद्यार्थी या कलमाच्या उंबरठ्यावर उभे होते. पण सर्वांसाठी खुले ठेवलेले पान घरी वाचायला साठवणे आणि कुलूपबंद विदा पळवणे यांत व्यवहाराने फरक केला, आणि तो योग्यच होता.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र नकलेपुढे कायद्यापेक्षा मोठी अडचण होती ती अक्षरांची. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मराठी दैनिकांच्या इंटरनेट आवृत्त्या निघाल्या, तेव्हा देवनागरीसाठी युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी पद्धत, कागदावर होती. पण घराघरांतल्या विंडोजमध्ये ती नव्हती. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला तेव्हा कोठे ती वाट उघडली. तोवर जो तो आपापला फॉन्ट वापरी. संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे, फक्त फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी ‘क’ची काठी किंवा वेलांटी काढून दाखवी. फॉन्ट काढून घेतला की उरे ती स्वल्पविराम, कंस आणि टिंबे दिलेल्या युरोपीय अक्षरांची खिचडी.

वाचकाने फॉन्ट वेगळा उतरवून संगणकात बसवावा, ही पहिली तऱ्हा. ती नक्कलकाराला सोयीची होती, कारण फॉन्ट त्याच्या हाती राहत असे. दुसरी तऱ्हा ‘डायनॅमिक फॉन्ट’ची : पानाबरोबर फॉन्टही आपोआप येई आणि वाचकाला काहीच करावे लागत नसे. इंटरनेट एक्सप्लोररसाठी मायक्रोसॉफ्टने काढलेल्या या प्रकारात फॉन्टच्या फाइलमध्येच ती कोणत्या संकेतस्थळावर चालावी याचा पत्ता कोरलेला असे, जेणेकरून दुसऱ्याने फॉन्ट उचलून वापरू नये. फॉन्टवाल्यांच्या दृष्टीने हे रास्त होते. परिणाम असा, की ज्या विद्यार्थ्याने मराठी संकेतस्थळ फॉन्टसकट उतरवून घेतले त्याच्या हार्ड डिस्कवर पानेही असत, फॉन्टही असे. पण पानाचा पत्ता आता संकेतस्थळाचा नसून घरच्या फोल्डरचा असल्याने फॉन्ट चालायला नकार देई. इंग्रजी संकेतस्थळाची नक्कल ऑफलाइन वाचता येई आणि अशा मराठी संकेतस्थळाची येत नसे, यामागे असे तांत्रिक कारण होते. इंटरनेट एक्सप्लोररची स्वतःची ऑफलाइन सोय, जी १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून होती आणि २००६ च्या सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली, ती पाने मूळ पत्त्याखालीच साठवी. म्हणून मराठीपुरती ती नावाजलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस होती. तिची प्रत दुसऱ्याला फ्लॉपीवर देणे मात्र अवघड.

यातून निर्माण झालेली विसंगती नवी मुंबईत विशेष ठळक दिसते. ‘लोकसत्ता’ महापे येथील औद्योगिक वसाहतीत छापला जातो, ‘सकाळ’च्या मुंबई आवृत्तीचे कार्यालय बेलापूरला आहे. छापील अंक ग्रंथालयांच्या फायलींत राहतात आणि कागद पिवळा पडला तरी वाचता येतात. उलट युनिकोडपूर्व काळातील मराठी दैनिकांची इंटरनेटवरची पाने जेथे साठवून ठेवली आहेत तेथेही फॉन्टवाचून मुकी आहेत. अमुक फॉन्टमधले अमुक चिन्ह म्हणजे देवनागरीतले अमुक अक्षर, असा तक्ता बनवून ती युनिकोडमध्ये बदलता येतात. मात्र प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि तो बनवायला मूळ फॉन्ट हवा. मोडी वाचणारा माणूस न मिळाल्याने दप्तरे बांधलेलीच राहावीत, तशातला हा प्रकार.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान पायरी ठरवली आणि २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमाची ‘ट्रायबँड’ सेवा आली. हा वेग सेकंदाला ३२ किलोबाइट पडतो. मोडेमवर ६५० मेगाबाइटची एक सीडी भरायला दीड दिवसाहून अधिक काळ लागे, ते काम आता सहा तासांत, म्हणजे एका रात्रीच्या झोपेत होऊ लागले. मीटर तासांवरून मेगाबाइटवर आल्याने वाचताना थांबण्याचा दंडही संपला. नक्कल करणे सर्वांत सोपे झाले नेमके तेव्हाच तिची निकड गेली, आणि उरलेसुरले कारण मोबाइलने मिटवले. रिलायन्स इन्फोकॉमची घोषणा २८ डिसेंबर २००२ रोजी झाली व तिचे केंद्र कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी हे होते. त्याच उद्योगघराण्याच्या दुसऱ्या शाखेची जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली ती घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. जानेवारी २०१७ पासून जिओने ग्राहकाला दररोज एक गिगाबाइट फुकट दिला. १९९५ चे २५० तासांचे वर्षभराचे खाते पूर्ण वेगाने वापरून जेवढे पदरात पडले असते, जवळपास तेवढे आता एका दिवसाला मिळू लागले.

ऑफलाइन हा शब्द याच काळात मोबाइलवर परत आला, पण त्याचा अर्थ पालटलेला होता. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात ऑफलाइन पाहण्याची सोय दिली, ती ४८ तासांपुरती. मुदत संपली की साठवलेली चित्रफीत पुन्हा इंटरनेटची गाठ घालून दिल्याशिवाय चालत नसे. लेख साठवून नंतर वाचण्यासाठी नावाजलेली ‘पॉकेट’ ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर भिस्त ठेवलेल्यांना आपापल्या याद्या घाईने काढून घ्याव्या लागल्या. टेलिपोर्टने उतरवलेले फोल्डर कोणाच्या परवानगीने चालत नव्हते आणि कोणाच्या निर्णयाने बंदही पडत नव्हते. या अर्थाने जुनी नक्कल नव्या ऑफलाइनपेक्षा निःसंशय श्रेष्ठ होती.

दरम्यान नकला वाढतच होत्या, फक्त त्या घरांतून हलल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे, रासायनिक कारखान्यांसाठी आखलेल्या भूखंडांच्या शेजारी, डेटा सेंटर, म्हणजे हजारो सर्व्हर ठेवण्यासाठी बांधलेल्या थंड इमारती उभ्या राहिल्या. पनवेलजवळ योट्टा कंपनीचे ७,२०० रॅकचे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. समुद्राखालच्या तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात, औद्योगिक वसाहतीत वीज आणि जागा मिळते, आणि ग्राहक हाकेच्या अंतरावर आहेत, ही त्यामागची कारणे. अशा केंद्रांत ‘कॅश’ ठेवतात : परदेशातल्या संकेतस्थळावरची लोकप्रिय पाने व चित्रे यांची जवळ ठेवलेली प्रत. नेरूळमधल्या वाचकाला पान चटकन दिसते ते पुष्कळदा समुद्रापलीकडून आलेले नसते; दहा-पंधरा किलोमीटरवरच्या नकलेतून आलेले असते. तत्त्व तेच, जे रात्री संगणक चालू ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे होते. पण ही नक्कल काही तासांनी किंवा दिवसांनी पुसली जाते आणि तिच्यावर पुष्पिका नसते.

जपणूक म्हणून नक्कल करणारी मोठी संस्था परदेशात आहे. १९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी स्थापन केलेल्या इंटरनेट आर्काइव्हने २००१ पासून आपला साठा लोकांना खुला केला, आणि मराठी संकेतस्थळांचे जुने अवशेषही बहुतांशी तेथेच सापडतात. पण एकाच कोठारावर विसंबण्याचा धोका ऑक्टोबर २०२४ मध्ये उघड झाला. त्यावर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद राहिले. जिओसिटीज या घरगुती पानांच्या प्रचंड वसाहतीला २६ ऑक्टोबर २००९ रोजी कुलूप लागले, तेव्हा तिचा मोठा भाग वाचला तो स्वयंसेवकांनी असल्याच सॉफ्टवेअरने तो धावपळीत उतरवून घेतला म्हणून. भारतात १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात आणि त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. संकेतस्थळांना हा कायदा लागू नाही. परिणामी सिडकोने ज्यांच्या जमिनींवर शहर उभारले त्या ९५ गावांविषयीचे छापील अहवाल शोधता येतात, पण त्याच शहराच्या संस्था, महाविद्यालये, मंडळे आणि गृहसंकुले यांनी २००० च्या आसपास हौसेने काढलेली संकेतस्थळे कोणत्याही सरकारी कपाटात नाहीत.

ती असतील तर खासगी कपाटांत आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली येथील ज्या घरांत त्या काळच्या सीडी, फ्लॉप्या किंवा जुने संगणक माळ्यावर पडून आहेत, तेथील मंडळींनी ते भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर कालांतराने विरतो, आणि फ्लॉपी वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. साठवलेल्या संकेतस्थळाचे फोल्डर सापडले तर ते आहे तसे, नावे न बदलता, नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे. आणि मजकूर मराठी असेल तर त्या संगणकातले फॉन्टचे फोल्डरही सोबत घ्यावे, कारण त्याच्यावाचून त्या पानांतले एक अक्षरही लागणार नाही.